कोरा कागद : जॉन लॉकच्या एका उपमेचा अर्थ

१

शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याचे नाव बहुधा एकाच उपमेसाठी येते. मूल जन्मते तेव्हा त्याचे मन कोऱ्या पाटीसारखे असते असे लॉकने म्हटले, एवढे सांगून पुस्तक पुढच्या प्रकरणाकडे वळते. वाचणारा शिक्षक त्यावरून सहजच असा अर्थ काढतो की, पाटी कोरी असेल तर तिच्यावर काय लिहावयाचे हे लिहिणाऱ्याने ठरवावयाचे, आणि तो लिहिणारा म्हणजे आपण. या अर्थाने शिक्षकाची प्रतिष्ठा वाढते हे खरे; परंतु लॉकच्या ग्रंथाचा रोख बरोबर उलट दिशेस आहे. मन आरंभी कोरे असते हे त्याने सांगितले ते लिहिणाऱ्यांचा अधिकार वाढविण्यासाठी नव्हे. ज्यांनी मनुष्याच्या मनावर आधीच काही लिहून ठेवले होते आणि वर ते अक्षर परमेश्वराचे आहे असे सांगितले होते, त्यांच्या अधिकाराची झडती घेण्यासाठी त्याने ते सांगितले.

आणखी एक लहानशी गोष्ट. पाटीची उपमा फार जुनी, ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली आहे. लॉकच्या छापील ग्रंथात उपमा आहे ती पांढऱ्या कोऱ्या कागदाची. ही उपमा कोणत्या काळात, कोणत्या वादात आणि कोणत्या हेतूने पुढे आली हे ध्यानी घेतल्यावाचून लॉकचा अनुभववाद नीट कळत नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच पाहावयाचे आहे.

२

लॉकचा जन्म २९ ऑगस्ट १६३२ रोजी सॉमरसेट परगण्यातील रिंग्टन या गावी झाला. तो दहा वर्षांचा असताना इंग्लंडात राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले आणि त्याचा बाप पार्लमेंटच्या बाजूने घोडदळात लढला. १६४७ साली मुलगा वेस्टमिन्स्टरच्या शाळेत दाखल झाला. तेथील मुख्याध्यापक रिचर्ड बझ्बी हे राजपक्षाचे कट्टर अभिमानी होते आणि त्यांची छडी सर्व देशात प्रसिद्ध होती. १६४९ च्या जानेवारीत, शाळेपासून फारशा दूर नसलेल्या व्हाइटहॉलच्या राजवाड्यासमोर पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. ज्यांनी तो केला त्यांना आपण ईश्वराची आज्ञा पाळली असे वाटत होते. आणि ज्यांनी त्याबद्दल अश्रू ढाळले त्यांनाही राजा ईश्वरानेच नेमलेला होता याबद्दल तिळमात्र संशय नव्हता. दोन्ही पक्ष आपापल्या अंतःकरणात कोरलेल्या सत्याची साक्ष देत होते. अशा काळात वाढलेल्या विचारी मुलाला अंतःकरणातल्या अक्षरांविषयी शंका आली, तर त्यात नवल नाही.

१६५२ साली तो ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात गेला. तेथील जुन्या पंडिती वादविवादांत त्याचे मन रमले नाही. त्याचा ओढा वैद्यकाकडे व प्रयोगशील विज्ञानाकडे होता. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल याचा त्याला सहवास लाभला. पुढे लंडनमध्ये टॉमस सिडनहॅम या वैद्याबरोबर त्याने रोगी पाहिले. ग्रंथातील सिद्धान्तावरून रोग ओळखण्यापेक्षा रोग्याच्या अंथरुणाशी बसून रोगाची चाल पाहावी, ही सिडनहॅमची पद्धत होती. लॉकच्या तत्त्वज्ञानाचे पहिले धडे या रुग्णशय्येपाशी गिरविले गेले असे म्हणावयास हरकत नाही. लॉर्ड ॲश्ली, म्हणजे पुढचा अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी, याच्या घरी लॉक १६६७ पासून राहू लागला आणि पुढील वर्षी त्या सरदाराच्या यकृतावरील गळवाच्या शस्त्रक्रियेवर त्यानेच देखरेख केली.

याच घरी १६७१ साली पाच-सहा मित्र चर्चेला बसले असता वाद अडला. प्रत्येक बाजूने अडचणी निघू लागल्या आणि कोणालाच वाट सापडेना. तेव्हा लॉकच्या मनात आले की, आपण चुकीच्या टोकापासून सुरुवात केली आहे. असल्या प्रश्नांत शिरण्यापूर्वी आपली बुद्धी कोणत्या गोष्टींना पुरी पडेल व कोणत्या गोष्टींना नाही, हे आधी तपासावयास हवे. ही हकीकत त्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभी स्वतःच दिली आहे. चर्चेचा विषय काय होता हे मात्र तेथे सांगितलेले नाही. ते आपणांस कळते त्या बैठकीला हजर असलेल्या जेम्स टिरेलमुळे. त्याने आपल्या प्रतीच्या समासात टिपून ठेवले आहे की, बोलणे नीतीच्या तत्त्वांविषयी व ईश्वरप्रणीत धर्माविषयी चालले होते. म्हणजे ज्ञानाच्या सीमांचा हा प्रश्न लॉकला सुचला तो निव्वळ तर्काच्या खेळातून नव्हे. ज्या विषयांवरून माणसे एकमेकांचे गळे कापीत होती, त्या विषयांतून तो सुचला.

पुढच्या बैठकीसाठी म्हणून लिहिलेल्या चार ओळी वाढत वाढत अठरा वर्षांनी ग्रंथरूप पावल्या. मधल्या काळात शाफ्ट्सबरी राजाच्या मर्जीतून उतरला. लॉकलाही १६८३ साली हॉलंडला पळून जावे लागले. १६८४ मध्ये राजाज्ञेने ख्राइस्ट चर्चमधील त्याची जागा गेली, आणि काही काळ त्याला खोट्या नावाने लपून राहावे लागले. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर, १६८९ च्या फेब्रुवारीत तो मायदेशी परतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'मानवी आकलनाविषयी निबंध' हा ग्रंथ बाहेर पडला. मुखपृष्ठावर साल १६९० असे आहे. त्या वेळी लेखकाचे वय सत्तावन्न वर्षांचे होते.

३

निबंधाचे चार भाग आहेत. पहिल्या भागात जन्मजात तत्त्वांच्या मताचे खंडन आहे. त्या मताचा आशय असा : काही सिद्धान्त, उदाहरणार्थ 'एकच वस्तू एकाच वेळी असणे आणि नसणे अशक्य आहे' हा तर्काचा नियम, किंवा नीतीचे काही मूलभूत नियम, मनुष्य जन्मतःच आपल्या मनात घेऊन येतो, सर्व माणसे ते मानतात हाच त्याचा पुरावा.

लॉकने या पुराव्याला दोन प्रकारे उत्तर दिले. एक तर सर्वांची अशी संमती मुळात नाहीच. लहान मुलांना तर्काचा तो नियम ठाऊक नसतो, आणि मनावर कोरलेले आहे परंतु मनाला ठाऊक नाही, या बोलण्याला काही अर्थ राहत नाही. दुसरे असे की, मुलाला सामान्य नियम कळण्याच्या पुष्कळ आधी विशिष्ट गोष्टी कळतात. आपल्याला भरविणारी दाई म्हणजे आपण जिच्याशी खेळतो ती मांजर नव्हे, हे मुलाला पक्के ठाऊक असते. गोड ते कडू नव्हे हेही त्याला ठाऊक असते. त्यासाठी त्याला तर्कशास्त्राचा नियम लागत नाही. उलट असल्या शेकडो ओळखींतून तो नियम पुढे कधी तरी निघतो. नीतीच्या नियमांविषयी तर त्याने आणखी मार्मिक प्रश्न केला. असा एकही नीतिनियम नाही की ज्याचे कारण मनुष्याने विचारणे वाजवी ठरू नये. आणि ज्याचे कारण विचारता येते ते स्वयंसिद्ध कसे?

येथवरचा युक्तिवाद पाठ्यपुस्तकांत येतो. जो येत नाही तो भाग पहिल्या भागाच्या शेवटी आहे आणि माझ्या मते तोच मर्माचा आहे. हे मत इतके लोकप्रिय का झाले, असा प्रश्न करून लॉक सांगतो की, एकदा काही तत्त्वे जन्मजात ठरविली की आळशी माणसाचे शोधण्याचे कष्ट वाचतात. आणि जे स्वतःला गुरू व आचार्य म्हणवितात त्यांना फार मोठी सत्ता मिळते. तत्त्वांविषयी प्रश्न विचारावयाचा नाही, हेच मग सर्व तत्त्वांतील पहिले तत्त्व होऊन बसते. शिष्याने विचार करण्याचे सोडले की त्याला हवे तिकडे वळविणे सोपे जाते. दाईच्या अंधश्रद्धेतून किंवा एखाद्या म्हातारीच्या अधिकारातून आलेली मते काळ व शेजाऱ्यांची संमती यांच्या जोरावर धर्मतत्त्वांच्या पदवीला कशी पोहोचतात, हेही त्याने उकलून दाखविले आहे. मुलांना ही मते इतक्या कोवळ्या वयात दिली जातात की मोठेपणी त्यांचा उगम आठवत नाही. आणि उगम आठवत नाही म्हणून ती ईश्वरदत्त वाटतात.

कोऱ्या कागदाची उपमा यानंतर, दुसऱ्या भागाच्या आरंभी येते. ती या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. तुमच्या मनावर जे लिहिलेले आहे ते कोणी तरी, केव्हा तरी लिहिले आहे. तेव्हा लिहिणारा कोण आणि त्याने ते कशाच्या आधारावर लिहिले हे विचारण्याचा तुम्हांला अधिकार आहे, हा तिचा अर्थ आहे.

४

मग या कागदावर अक्षरे येतात कोठून? लॉकचे उत्तर एका शब्दाचे आहे : अनुभवातून. हा शब्द मराठी वाचकाने जपून वाचावयास हवा. आपल्या संतवाङ्मयात, 'अमृतानुभवा'च्या नावातच पाहा, अनुभव म्हणजे ज्ञाता-ज्ञेय हा भेद मावळल्यावर येणारी आत्मप्रतीती. लॉकचा अनुभव इतक्या उंचीवरचा नाही. तो रोजचा, बाजारातला, स्वयंपाकघरातला आहे. त्याचे दोन झरे त्याने सांगितले : इंद्रियांच्या द्वारे बाहेरच्या वस्तूंचे होणारे संवेदन, आणि मनाने स्वतःच्या व्यापारांकडे वळून केलेले अंतर्निरीक्षण. पिवळा, थंड, मऊ, कडू या कल्पना पहिल्यातून येतात; विचार, शंका, इच्छा यांच्या कल्पना दुसऱ्यातून. ज्याने अननस कधी चाखला नाही त्याला त्याची चव शब्दांनी कळविता येणार नाही. असल्या साध्या कल्पना मनाला निर्माण करता येत नाहीत व नष्टही करता येत नाहीत. मात्र त्या एकदा मिळाल्या म्हणजे त्यांची जोडणी, तुलना व विभागणी मन करते आणि त्यांतून संमिश्र कल्पना उभ्या राहतात. म्हणजे कागद कोरा असला तरी मन निष्क्रिय नाही. ज्ञानाचे साहित्य बाहेरून येते. कारागिरीची शक्ती मात्र मनाची स्वतःची असते. कोऱ्या पाटीच्या प्रचलित अर्थात हा भेद पुसला जातो.

त्या ग्रंथातील एक प्रयोग कोणत्याही वर्गात करून दाखविता येतो. एक हात गरम व दुसरा गार असताना दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात घालावे. तेच पाणी एका हाताला गार व दुसऱ्याला ऊन लागते. पाणी स्वतः एकाच वेळी गार आणि ऊन असू शकत नाही. तेव्हा ऊनपणा हा पाण्यात, आपल्याला वाटतो तसा, नसतो. आकार, संख्या, गती हे वस्तूचे स्वतःचे, प्राथमिक गुण. रंग, चव, वास, ऊनपणा हे वस्तूच्या सूक्ष्म कणांचा आपल्या इंद्रियांवर परिणाम होऊन उमटणारे दुय्यम गुण.

आणि हे सर्व गुण ज्याच्या आधाराने राहतात ते द्रव्य म्हणजे काय? येथे लॉकने एका भारतीयाची गोष्ट घेतली आहे. पृथ्वी हत्तीच्या पाठीवर आहे, हत्ती कासवाच्या पाठीवर आहे. मग कासव कशावर, असे विचारता तो म्हणतो, कशावर तरी आहे खरे, पण कशावर ते माहीत नाही. आपल्या एका देशबांधवाची ही थट्टा वाटेल. परंतु लॉकचा नेम त्याच्यावर नसून युरोपातील पंडितांवर आहे. द्रव्य हा शब्द उच्चारून त्यांनी जे उत्तर दिले ते या उत्तराहून अधिक काही सांगत नाही आणि कबुलीचा प्रामाणिकपणा मात्र त्यात नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

५

तिसरा भाग शब्दांविषयी आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तो अवश्य वाचावा. विद्वान वैद्यांची एक सभा भरली असता ज्ञानतंतूंतून एखादा रस वाहतो की नाही यावर बराच वेळ कडाक्याचा वाद झाला. लॉकने सुचविले की, 'रस' या शब्दाने प्रत्येकाला काय अभिप्रेत आहे ते प्रथम ठरवावे. तसे करता असे आढळले की, बहुतेक भांडण त्या शब्दापुरतेच होते. अनुभवाचा आधार सुटलेला शब्द म्हणजे नुसता ध्वनी; आणि मुलांना आपण शब्द आधी व वस्तू मागून, कित्येकदा वस्तू कधीच नाही, अशा क्रमाने शिकवितो.

चौथ्या भागात निश्चित ज्ञान व केवळ संभाव्य मत यांच्यातील सीमा आखली आहे. येथे सयामच्या राजाची गोष्ट येते. डच वकिलाने त्याला सांगितले की, आमच्या देशात थंडीत पाणी इतके घट्ट होते की त्यावर हत्तीसुद्धा उभा राहील. राजा म्हणाला, आजवर तुमच्या सर्व विलक्षण गोष्टी मी खऱ्या मानल्या, पण आता तुम्ही खोटे बोलता याची मला खात्री पटली. राजा मूर्ख नव्हता. त्याच्या अनुभवाशी त्याचे अनुमान सुसंगतच होते. अनुभववाद म्हणजे मी पाहिले तेवढेच खरे, असा हट्ट नव्हे, हे या गोष्टीतून लक्षात येते. माझा अनुभव अपुरा असू शकतो, म्हणून पुराव्याच्या वजनाइतकीच माझी खात्री असावी आणि दुसऱ्याच्या भिन्न मताविषयी मी सहिष्णु असावे, असा लॉकचा निष्कर्ष आहे. धार्मिक सहिष्णुतेविषयीचे त्याचे पत्रही १६८९ सालीच प्रसिद्ध झाले.

६

लॉकच्या मताची सर्वांत सुंदर कसोटी त्याच्या एका वाचकाने सुचविली. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने त्याला पत्रातून विचारले : जन्मांध मनुष्य स्पर्शाने घन आणि गोल ओळखू लागला आहे, त्याला अकस्मात दृष्टी आली, तर हात न लावता, नुसते पाहून, घन कोणता व गोल कोणता हे तो सांगू शकेल काय? मॉलिन्यूची स्वतःची पत्नी अंध होती. तो म्हणाला, नाही सांगू शकणार. आणि लॉकने १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रश्न छापून त्याला संमती दिली. स्पर्शाची कल्पना व दृष्टीची कल्पना यांची सांगड जन्माने येत नाही, ती अनुभवाने घालावी लागते.

१७२८ साली विल्यम चेसेल्डेन या शस्त्रवैद्याने मोतीबिंदू काढलेल्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलाला आरंभी दिसणाऱ्या वस्तू ओळखता येत नव्हत्या. त्याहून काटेकोर परीक्षा आपल्याच देशात झाली. पवन सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिल्ली येथे शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची तपासणी करून तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध केले. हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणे त्या मुलांना प्रथम जवळजवळ जमलेच नाही. परंतु थोड्याच दिवसांत ते जमू लागले. तेव्हा मॉलिन्यूचे व लॉकचे उत्तर बरोबर ठरले असे म्हणता येईल. मात्र ही सांगड इतक्या त्वरेने बसते, त्या अर्थी ती बसविण्याची काही तयारी मनात आधीपासून असावी, असे कोणी म्हणेल तर त्यालाही खोडून काढता येणार नाही. लायब्निट्सने लॉकला दिलेल्या उत्तरात मनाला संगमरवराच्या शिळेची उपमा दिली होती. मूर्ती घडवावी लागते हे खरे, पण शिळेत तिच्या रेषा आधीच असतात. लॉक १७०४ साली वारल्यामुळे लायब्निट्सने आपला ग्रंथ बाजूस ठेवला, आणि तो १७६५ साली, दोघांच्याही मागे, छापला गेला. तो वाद अद्याप मिटलेला नाही.

७

आता शिक्षकांच्या प्रश्नाकडे वळतो. एक आक्षेप येथे घेतला जाईल व तो रास्त आहे. १६९३ साली लॉकने 'शिक्षणाविषयी काही विचार' हे पुस्तक प्रसिद्ध केले. हॉलंडातील अज्ञातवासात त्याने एडवर्ड क्लार्क या मित्राला, त्याच्या मुलाच्या संगोपनासंबंधी लिहिलेली पत्रे त्याच्या मुळाशी आहेत. त्याच्या अखेरीस लॉक म्हणतो की, तो मुलगा फार लहान असल्यामुळे मी त्याला केवळ कोरा कागद किंवा हवा तसा घडविता येणारा मेणाचा गोळा समजलो. मग प्रचलित अर्थ खोटा कसा?

याचे उत्तर त्याच ठिकाणी, दोन-चार वाक्यांच्या अंतरावर आहे. प्रत्येकाच्या चेहऱ्याप्रमाणे प्रत्येकाच्या मनाचीही काही वेगळी ठेवण असते, आणि एकाच पद्धतीने वाढविता येतील अशी दोन मुले क्वचितच सापडतील, असे तो तेथेच बजावतो. अन्यत्र त्याने स्पष्ट म्हटले आहे की, ईश्वराने माणसांच्या मनावर जे स्वभावविशेष उमटविले आहेत ते थोडेफार सुधारता येतील, परंतु समूळ बदलता येणार नाहीत. यात विसंगती नाही. ज्ञानाच्या बाबतीत कागद कोरा आहे. स्वभावाच्या बाबतीत नाही. मुलाला काय ठाऊक आहे आणि मूल कसे आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

म्हणूनच या पुस्तकात छडीला जवळजवळ जागा नाही, आणि हे बझ्बींच्या शाळेत शिकलेला मनुष्य लिहितो आहे. भीतीने मुलाचे मन थरथरू लागले तर त्यावर सुरेख अक्षर उमटत नाही, अशा अर्थाची त्याची शिकवण आहे. अक्षरओळख खेळातून व्हावी म्हणून पंचवीस बाजूंच्या हस्तिदंती गोळ्यावर अक्षरे चिकटवून तो फाशांसारखा टाकावयास द्यावा, असे त्याने सुचविले. सर्वांत जास्त भर आहे तो मुलाच्या प्रश्नांवर. प्रश्न कितीही बालिश असो, त्याची हेटाळणी करू नये, त्याला खोटे उत्तर देऊन टोलवू नये. कारण जिज्ञासा ही अज्ञान दूर करण्यासाठी निसर्गाने दिलेले साधन आहे. 'निबंधा'च्या पहिल्या भागात प्रश्न विचारण्याचा जो हक्क त्याने प्रौढांना मिळवून दिला, तोच येथे मुलाला दिलेला आहे.

परंतु हे मूल सधन गृहस्थाचे मूल आहे, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. १६९७ साली व्यापार मंडळाचा सभासद या नात्याने लॉकने गरिबांच्या कायद्याविषयी एक योजना लिहिली. तीत सरकारी मदतीवर जगणाऱ्यांच्या ३ ते १४ वर्षांच्या मुलांना कामाच्या शाळांत घालावे, तेथे त्यांच्याकडून सूत कातण्यासारखी कामे करून घ्यावी, पोटाला पाव द्यावा आणि थंडीत वाटल्यास थोडी ऊन पेज द्यावी, असे सांगितले आहे. हस्तिदंती गोळा तेथे नाही व प्रश्नांची उत्तरेही नाहीत. ती योजना अमलात आली नाही. ज्या कंपनीचा व्यापार गुलामांचा होता त्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे भाग त्याने १६७० नंतरच्या दशकात घेतले होते. नास्तिकांना त्याच्या सहिष्णुतेत जागा नव्हती. जन्माने कोणाचेही मन अधिक लिहिलेले नसते, हा सिद्धान्त मांडणाऱ्याच्याच कागदावर त्याच्या काळाने आणि वर्गाने पुष्कळ काही लिहून ठेवले होते आणि ते त्याला सर्वस्वी वाचता आले नाही. परंतु ते आपण आज वाचू शकतो, आणि तेही त्यानेच दिलेल्या कसोटीने.

८

१७०३ साली ऑक्सफर्डमधील महाविद्यालयांच्या प्रमुखांनी हा ग्रंथ विद्यार्थ्यांना वाचू देऊ नये असा विचार चालविला होता. त्यांना धोका बरोबर ओळखता आला होता. आपल्याकडे तो ग्रंथ कोणी बंद केला नाही. एक उपमा तेवढी ठेवून बाकीचा आपण न वाचताच बाजूस सारला. ती उपमा शिक्षकाला लेखणी देते खरी, पण त्याबरोबर एक जबाबदारीही देते. आपण मुलाच्या मनावर जे लिहितो ते आपण लिहिले आहे, हे त्याला पुढे ओळखता आले पाहिजे, आणि ते तपासून, पटले नाही तर खोडण्याची ताकद त्याला आपणच दिली पाहिजे. वर्गात एखाद्या मुलाने 'असे का?' म्हणून विचारले आणि आपल्याजवळ 'असेच असते' याखेरीज उत्तर नसले, तर आपण लॉकच्या बाजूला नाही. त्याने ज्यांच्याविरुद्ध लिहिले त्या आचार्यांच्या बाजूला आहोत, एवढे तरी आपण स्वतःशी मान्य करावे.